आधी सांगा, त्याला काय जमतं?

पालकहो, मुलाला घेऊन तुम्ही समुपदेशनाला येता तेव्हा तक्रारींची यादी तयार असते. "हुशार आहे हो, पण मेहनत नको." "सारखा मोबाइल." "काही बोललं की उलट उत्तर." ते सगळं मी लिहून घेते आणि मग विचारते, याला चांगलं काय जमतं? बहुतेक वेळा आई-बाबा एकमेकांकडे बघतात. "तसा स्वभावाने बरा आहे," असं कुणीतरी म्हणतं. पोर तोवर मान खाली घालून नखं कुरतडत असतं.

हा प्रश्न मी त्याला बरं वाटावं म्हणून विचारत नाही. माझ्या कामाची सुरुवातच तिथून होते. मार्टिन सेलिग्मन १९९८ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. माणसाचं काय बिघडतं याच्याच मागे आपण लागलो, काय नीट चालतं याचाही तितकाच अभ्यास हवा, असं त्यांनी आपल्याच क्षेत्राला सुनावलं. पुढे २००४ मध्ये ख्रिस्तोफर पीटरसन यांच्यासोबत त्यांनी चिकाटी, कुतूहल, प्रामाणिकपणा, विनोदबुद्धी अशा २४ गुणांची मांडणी केली. समजा, गणितात नापास होणारा नववीतला मुलगा गणेशोत्सवात मंडळाच्या वर्गणीचा हिशेब पै न् पै जुळवतो. त्याच्याशी गणिताबद्दल बोलायचं, तर प्रगतिपुस्तकापेक्षा ती हिशेबाची वही पुढे घेऊन बसलेलं कितीतरी बरं.

घरी करण्याजोगा एक साधा उपाय सांगते. रात्री झोपण्याआधी दिवसात चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का झाली, हेही लिहायचं. सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या माणसांनी हे आठवडाभर केलं, आणि त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला. यातलं 'का' गाळू नका. "आज आजीचं बीपी मी मोजलं," एवढ्यावर मूल थांबतं. का जमलं, असं विचारलं की ते म्हणतं, "काकाने दाखवलं तेव्हा मी नीट लक्ष दिलं होतं." स्वतःचा गुण त्याला स्वतःच सापडतो. तुमच्या कौतुकाने हे साधत नाही. मात्र तुम्हीही शेजारी बसून लिहा. नाहीतर तो आणखी एक गृहपाठ होईल.

हे काही शहरातल्या फीवाल्या दवाखान्यांपुरतं नाही. बिहारच्या ग्रामीण भागातल्या ५७ सरकारी शाळांत मुलींसाठी पाच महिन्यांचा असाच एक कार्यक्रम झाला. तो चालवणाऱ्या मानसशास्त्राच्या पदवीधर नव्हत्या, तिथल्याच स्थानिक बाया होत्या. मुलींचा स्वतःवरचा विश्वास वाढला, अडचणीत तग धरण्याची ताकद वाढली. पण नैराश्यावर परिणाम दिसला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. गुण जोपासणं म्हणजे आजारावरचे उपचार नव्हेत.

म्हणून रडणाऱ्या मुलाला "पॉझिटिव्ह विचार कर" असं कृपा करून सांगू नका. त्याने तेवढ्यापुरतं रडणं थांबतं आणि पुढच्या वेळी ते तुमच्यासमोर रडत नाही. आधी त्याचं दुःख पुरतं ऐकून घ्या. त्याच्या गुणांविषयी नंतर बोलता येईल. दोन आठवडे उलटूनही मूल उदासच असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, आवडीच्या खेळातही मन लागत नसेल, तर डायरी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. जगणं नको, असं काही बोललं, तर एक दिवसही वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या. सरकारची 'टेलि-मानस' ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हा नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा.