ट्रकचे जादा दिवे : बल्बापेक्षा बोल्ट महत्त्वाचा

भिवंडी-कल्याण पट्ट्यातील बराचसा माल रात्री निघतो. मालेगाव-धुळ्याकडे जाणाऱ्या कापडाच्या गाठी कसारा घाटातून जातात, नगरकडे जाणारी गाडी मुरबाडवरून माळशेज घाट चढते. पावसाळ्यात या घाटांत असे धुके उतरते की मूळ दिवे चालू असूनही चालकाला रस्ता दिसत नाही. म्हणून ट्रकमालक पुढे जादा दिवे बसवून घेतात. गरज खरी आहे. परंतु दिवा कोणत्या कंपनीचा घ्यावा याची चौकशी सगळे करतात, तो कसा बसवावा याची फारच थोडे करतात. सैल दिवा निखळून रस्त्यावर पडला तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेतते. घासलेली वायर ठिणगी पाडते, आणि गाडीत तर कापड भरलेले असते.

प्रथम जागा. धुक्यातले पाण्याचे कण प्रकाश परत फेकतात. केबिनच्या टपावरचा दिवा त्यामुळे आपल्याच चालकाचे डोळे दिपवतो. धुक्याचा दिवा मूळ दिव्यांच्या खाली, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर असावा. बंपरच्या मधल्या पातळ पत्र्यावर तो बसवू नये, पत्रा थरथरतो. बंपर ज्या ठिकाणी चासीला जोडलेला असतो तिथले लोखंड मजबूत असते, त्याच्याजवळ जागा निवडावी. पत्र्यावरच बसवणे भाग असेल तर मागून तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी द्यावी. दिवा जड असेल तर ब्रॅकेटला तिरकी टेकूपट्टी लावावी. भोक पाडल्यावर कडेला रेड ऑक्साईड फासावे, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. जादा बुलबार लावून त्यावर दिवे चढवू नयेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे बार लावणाऱ्यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे.

आता नट-बोल्ट. लूमवर काम करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. माग दिवसभर हादरतो, म्हणून फिटर पाना घेऊन फिरत असतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले की, जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की घट्ट आवळलेला नटही आपोआप फिरून सैल होतो. अशा हादऱ्यापुढे नुसत्या स्प्रिंग वॉशरचा फारसा उपयोग नाही. आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट वापरावा आणि दोन्ही बाजूंना रुंद वॉशर द्यावा. काढलेला नायलॉक नट पुन्हा वापरू नये, त्याची पकड कमी होते. पत्र्यात घुसणारे स्क्रू किंवा बांधलेली तार यांवर दिव्याचा भार कधीच सोडू नये. काम झाल्यावर नट आणि ब्रॅकेट यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असे समजावे. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत.

तिसरी गोष्ट वायरिंग. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात. ७० वॅटचे दोन बल्ब सुमारे ६ अँपिअर ओढतात, त्याला १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. छोट्या टेम्पोला १२ व्होल्ट असतात. तिथे ५५ वॅटचे दोन बल्ब ९ अँपिअरच्या वर जातात, म्हणून १५ अँपिअरचा फ्यूज लागतो. दोन्ही ठिकाणी अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, कारण फ्यूजच्या अलीकडे वायर घासली तर तो काही वाचवू शकत नाही. मूळ दिव्याच्या वायरला जोड मारू नये. वेगळा रिले बसवून बटणाने फक्त रिले चालवावा. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घालावा, टोकाला थिंबल दाबून लावावे आणि अर्थिंगसाठी रंग खरवडून चकचकीत लोखंड काढावे. पिळून टेप गुंडाळलेला जोड एक पावसाळाही टिकत नाही.

शेवटी कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १११ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावता येत नाही. नियम १०६ सांगतो की पुढचा प्रकाश खाली झुकलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत. सपाट जागेवर भिंतीपासून ८ मीटरवर गाडी उभी करून पाहावे. प्रकाशाचा वरचा काठ दिव्याच्या उंचीखालीच राहिला पाहिजे. धुके नसेल तेव्हा हा दिवा बंद ठेवावा. घाटाच्या वळणावर समोरचा चालक आंधळा झाला तर तो आपल्याच गाडीवर येणार, हे साधे गणित आहे.

माल भरणाऱ्या व्यापारी बंधूंनीही याकडे लक्ष द्यावे. गाठी चढत असताना ट्रकच्या पुढे जाऊन दिवा हाताने हलवून पाहा. तो हलला किंवा खाली वायर लोंबत असली तर गाडी निघण्यापूर्वीच चालकाला सांगा. नायलॉक नट आणि फ्यूज यांना लागतात थोडेसे रुपये, आणि त्यांच्यावर अवलंबून असतो लाखोंचा माल व माणसाचा जीव. गॅरेजमधल्या कारागिराने या वस्तूंचे वेगळे पैसे मागितले तर घासाघीस करू नये.