वसंतातील मधपेटीची पूर्वतयारी

मधमाश्या पाळणाऱ्या कित्येक शेतकरी बंधूंची अशी समजूत असते की, रानात फुलोरा आला म्हणजे पेटीत मध आपोआप भरतो. ही समजूत बरोबर नाही. फुलोऱ्याच्या दिवशी रस आणणाऱ्या माश्या तयार असाव्या लागतात, व त्या तयार होण्यास काळ लागतो.

हा हिशेब असा आहे. राणीने घातलेल्या अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडण्यास सुमारे 3 आठवडे लागतात. बाहेर पडल्यावरही ती लगेच रानात जात नाही. आणखी 2 ते 3 आठवडे पिलाव्यास भरविणे, पोळे बांधणे, दारावर पहारा करणे ही घरकामे करते. म्हणजे आजचे अंडे सुमारे 6 आठवड्यांनी उपयोगी पडते. आपल्या धाराशिव जिल्ह्यात कडुनिंब गुढीपाडव्याच्या सुमारास फुलतो व मागोमाग करंज. पाडव्यापासून 6 आठवडे मागे मोजिले असता माघी पौर्णिमा येते. सबब तयारीचा मुहूर्त तोच होय. त्या वेळी करडई फुलावर असल्यास तिचा पराग पिलाव्याच्या पोषणास मिळतो.

सातेरी माशीच्या पेटीची कामे या क्रमाने करावीत. प्रथम, सकाळी ऊब आल्यावर, वारा नसताना थोडा धूर देऊन पेटी उघडावी. राणी दृष्टीस पडलीच पाहिजे असे नाही. घरांच्या तळाशी ताजी अंडी दिसली म्हणजे ती नांदती आहे असे समजावे. दुसरे, तळफळी खरवडून स्वच्छ करावी; काळी पडलेली रिकामी पोळी व मेणकिड्याची जाळी काढून टाकावीत. तिसरे, साठा अगदी थोडा असेल तरच समभाग साखर व पाणी यांचा पाक संध्याकाळी द्यावा. वरची मधाची कोठी चढविण्यापूर्वी मात्र पाक बंद करावा. नाही तर मधात साखर मिसळेल व ती आपल्याच हातची भेसळ ठरेल. चौथे, खालची कोठी माश्यांनी भरली म्हणजे वरची चढवावी. जागा अपुरी पडल्यास माश्या पोळ्याच्या खालच्या कडेस राणीघरे बांधितात व निम्मा कारभार उडून जातो. पाचवे, पेटीवर सावली, जवळ पाणी व बैठकीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या असाव्यात.

येथे आमची एक चूक सांगणे अवश्य आहे. एके वर्षी माघात आमच्या 4 पेट्या उत्तम भरल्या होत्या. शेजारच्या करडईवर मावा पडला व भर दुपारी औषध फवारले गेले. पेट्या बांधावर आहेत हे आम्ही शेजाऱ्यास सांगितलेच नव्हते. संध्याकाळी पेट्यांच्या दारांशी मेलेल्या माश्यांचा थर दिसला. घरात पिलावा होता, पण रानात जाणारी पिढीच गेली. ती पुन्हा उभी राहीपर्यंत कडुनिंबाचा बहर ओसरला, व त्या वर्षी मधाची जमा शून्य लागली. दोष शेजाऱ्याचा नव्हे, आमच्या मौनाचा होता. तेव्हापासून माघ लागताच आम्ही बांधकऱ्यांच्या घरी जाऊन सांगतो, व फवारणी संध्याकाळी करण्याची विनंती करितो. आदल्या दिवशी निरोप आला तर पेट्या रात्री दूर नेता येतात. कांद्याचे बी धरणारे व सूर्यफूल पेरणारे शेजारी हे आनंदाने ऐकतात. कारण त्यांचे दाणे भरण्यास माशीच कारण होते.

मध काढण्याची घाई करू नये. पोळ्याची निदान तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्यावरच चौकट मधयंत्रात घालावी. कच्चा मध आंबतो. खालच्या कोठीतील मधास हात लावू नये. वैशाखानंतर रान कोरडे पडते, व उपाशी सातेरी पेटी सोडून निघून जाते. नवशिक्यांनी महाबळेश्वर येथील मध संचालनालयाकडून अथवा पुण्यातील 1962 साली स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून शिक्षण घ्यावे.

आम्ही हयातभर दुसऱ्यांच्या पिकांच्या नोंदी लिहिल्या. त्यावरून इतकेच सांगतो की, चैत्राची जमा माघातच लिहावी लागते.