मूल चित्रं काढतं म्हणून लगेच अ‍ॅनिमेशनला घालू नका

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे येणारे बरेच पालक आधी मोबाइलमधले फोटो दाखवतात. वहीच्या मागच्या पानांवर काढलेले वर्गशिक्षक, पोट सुटलेले काका, खिडकीत बसून बोलणारं मांजर. मग ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, हिचा हात चांगला आहे, अ‍ॅनिमेशनला घालू का? स्कोप आहे म्हणतात." बहुतेक घरांत एखाद्या संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक तोवर येऊन पडलेलं असतं. काहींनी तर जागा धरून ठेवायला पैसेही भरलेले असतात.

माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. आत्ता घालू नका. आधी ते फोटो नीट बघा. मांजर बोलतंय, आणि त्याच्या तोंडचं वाक्य तुमच्या मुलीनं स्वतः लिहिलंय. काकांचं पोट तिनं मोठं काढलंय, पण चेहऱ्यावरचा रुबाब तसाच ठेवलाय. हे निरीक्षण आहे, विनोद आहे, लेखन आहे. चित्र त्याच्या मागून आलंय. तुम्ही मात्र फक्त हात बघितलात आणि हाताला शिकवणारा कोर्स शोधायला निघालात.

अ‍ॅनिमेशनचं काम वाईट नाही, पण ते नेमकं काय असतं हे माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. मोठ्या स्टुडिओत काम तुकड्यांत वाटलेलं असतं. एकजण पात्राचं मॉडेल घडवतो, दुसरा त्याला हाडं-सांधे बसवतो, तिसरा प्रकाशयोजना करतो, चौथा सगळे थर एकत्र जुळवतो. नव्यानं लागलेल्या मुलांच्या वाट्याला पुष्कळदा रोटोस्कोपिंग येतं, म्हणजे चित्रीकरणातल्या माणसाची बाह्यरेषा फ्रेममागून फ्रेम आखत राहणं. परदेशी चित्रपटांचं असलं काम भारतात भरपूर येतं. ज्यांना संगणकासमोर तासन्‌तास बसायला आवडतं, तांत्रिक नेमकेपणात समाधान मिळतं, त्यांनी जरूर जावं. पण तिथे गोष्ट दुसऱ्याची असते. स्वतःची गोष्ट सांगायला तडफडणारं मूल तिथे दोन वर्षांत कोमेजतं, आणि लाखांतली फी भरलेली असल्यामुळे ते कोणाला सांगूही शकत नाही.

रीतसर कलाशिक्षणाचे रस्ते सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. बारावीनंतर चार वर्षांचं बीएफए आहे, त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. मुंबईत जेजे, पुण्यात अभिनव, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं. डिझाइनकडे ओढा असेल तर यूसीड आणि एनआयडीची परीक्षा, तयारी अकरावीपासून. याची माहिती कुठेही मिळेल.

मला बोलायचंय ते माहितीपत्रक नसलेल्या कामाबद्दल. वर्तमानपत्रातली रोजची चित्रपट्टी. 1991 साली 'सकाळ'मध्ये 'चिंटू' सुरू झाला. आज तिशी-चाळिशीत असलेल्या कितीतरी मराठी माणसांनी सकाळी पेपर उघडल्यावर आधी चिंटू वाचला आणि मग बातम्या. पुढे त्याचे संग्रह निघाले, 2012 मध्ये चित्रपटही आला. चित्रं चारुहास पंडितांची, आणि ही पट्टी घडवण्यात प्रभाकर वाडेकर त्यांचे जोडीदार. पालकांनी इथे थांबावं. तीन-चार चौकटींच्या कामाला दोन डोकी लागली, कारण रोज नवी कल्पना सुचणं हेच या कामातलं सर्वांत अवघड अंग आहे. रेषा एकदा बसली की बसते. कल्पना मात्र उद्या सकाळी पुन्हा लागते.

या पेशातलं एक आयुष्य पालकांनी जरूर समजून घ्यावं, ते म्हणजे 'पीनट्स'कार चार्ल्स शुल्झ यांचं. स्नूपी नावाचा कुत्रा तुमच्या मुलांच्या दप्तरावर असेल, तो त्यांचा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात त्यांचे वडील न्हावीकाम करत. शाळेच्या वार्षिक अंकासाठी त्यांनी दिलेली चित्रं छापली गेली नाहीत. मग पोस्टानं चित्रकला शिकवणाऱ्या एका संस्थेत त्यांनी नाव घातलं. वडिलांनी त्याचे पैसे भरले. मुलांची चित्रं काढायच्या भागात शुल्झना मिळालेली श्रेणी 'सी प्लस' होती. पुढची जवळपास पन्नास वर्षं हा माणूस रोज मुलांचीच चित्रं काढणार होता.

1943 मध्ये सैन्यात भरती झाली आणि त्याच सुमाराला आई कर्करोगानं गेली. युद्धावरून परतल्यावर एका धार्मिक कॉमिक मासिकात त्यांनी दुसऱ्यांच्या चित्रांतल्या फुग्यांमध्ये अक्षरं भरायचं काम केलं. मग ज्या पोस्टल संस्थेत शिकले तिथेच विद्यार्थ्यांचे कागद तपासायची नोकरी धरली. 1947 पासून गावच्या पेपरात त्यांचं एक साप्ताहिक सदर चाललं. जास्त चांगल्या अटी मागितल्या तेव्हा ते बंद झालं. अखेर 2 ऑक्टोबर 1950 रोजी 'पीनट्स' सुरू झाली, सात वर्तमानपत्रांत. शाळा संपून तोवर दहा वर्षं झाली होती. पुढे ती 2,600 वर्तमानपत्रांत गेली. शुल्झनी एकूण 17,897 पट्ट्या काढल्या, आणि रेखाटन असो की अक्षर, हाताखाली मदतनीस घेतला नाही. 12 फेब्रुवारी 2000 ला ते गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या रविवारच्या अंकात त्यांची शेवटची पट्टी आली.

ती दहा वर्षं पुन्हा वाचा. अक्षरं भरणं, कागद तपासणं, बंद पडलेलं सदर. आपल्याकडे मूल बावीस वर्षांचं झालं की शेजारी विचारतात, "लागला का कुठे?" आणि आपण त्या शेजाऱ्यांना देण्याजोगं उत्तर मुलाकडून वसूल करतो. शुल्झच्या वडिलांनी पोस्टल कोर्सची फी भरली आणि मुलाला त्याचा वेळ दिला. एवढं तुम्हाला जमणार असेल तरच या वाटेचा विचार करा.

आता दबावाबद्दल स्पष्ट बोलते, कारण माझ्यासमोर बसून रडणारी मुलं त्याबद्दलच बोलतात.

पहिला प्रकार नेहमीचा, "आधी इंजिनिअर हो, मग काय चित्रं काढायची ती काढ." हे म्हणणारे वसंत सरवट्यांचं नाव पुढे करतात. सरवटे एसीसीत इंजिनिअर होते आणि नोकरी सांभाळून त्यांनी मराठी व्यंगचित्रकलेला मोठी उंची दिली, हे खरं आहे. पण त्यांच्या पिढीतलं मूल आठवीपासून कोचिंग क्लासच्या गाडीत बसत नव्हतं. त्याला संध्याकाळ होती. कोल्हापूरच्या रस्त्यावर माणसं बघायला मोकळीक होती. तुम्ही मुलाचा सकाळी सहा ते रात्री दहा हा वेळ जेईईला विकता आणि वर सांगता की चित्रकला छंद म्हणून ठेव. छंद ठेवायचा कुठे?

दुसरा प्रकार कौतुकाचा आहे, आणि तो मला जास्त घातक वाटतो. अकरा वर्षांच्या मुलीचं इन्स्टाग्रामवर पान उघडायचं, रोज एक चित्र टाकायला लावायचं, किती जणांनी पसंत केलं ते जेवताना मोजायचं. थोड्याच दिवसांत ती लोकांना आवडतं तेच काढू लागते, आणि ते बहुधा दुसऱ्या कुणाचं तरी पात्र असतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठीच द्यायला लावणं याच जातीचं. परीक्षा पास होतात आणि चित्रकलेची वही त्याच महिन्यात माळ्यावर जाते.

तिसरा प्रकार तुम्हाला दबाव वाटतच नाही. मुलानं काकांचं चित्र काढलं की आई म्हणते, "मोठ्यांची अशी चेष्टा करायची नाही." आजी शेजारणीशी कशी भांडते हे त्यानं चार चौकटींत काढलं की कागद फाडला जातो. मुलाजवळ विनोदाचा दुसरा कुठला कच्चा माल आहे? घर, शाळा, वाडा नाहीतर सोसायटी, एवढंच त्याचं जग. ते तुम्ही बंद केलंत तर तो जपानी कॉमिकमधले मोठ्या डोळ्यांचे चेहरे काढत बसतो, आणि मग तुम्हीच म्हणता की याच्या चित्रांत स्वतःचं काही दिसत नाही. काकांना दुखलं तर काकांना समजवा. मुलाला रोखू नका.

लोक मला विचारतात, मग शिकायचं काय? ही माणसं काय शिकली ते बघा. मारिओ मिरांडा मुंबईच्या सेंट झेवियर्समधून इतिहास घेऊन बीए झाले, आणि तरुणपणी चित्रांची रोजनिशी लिहीत असत. त्यात लोटलीचं घर आणि गाव भेटतं, मुंबईही. आर. के. लक्ष्मणना जेजेनं प्रवेश नाकारला. ते म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून पदवीधर झाले, 1947 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त आले आणि 1951 पासून त्यांचा सामान्य माणूस रोज पहिल्या पानावर दिसू लागला. 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज' काढणारे बिल वॉटरसन राज्यशास्त्राचे पदवीधर. कला महाविद्यालयात जाऊ नका असा याचा अर्थ कोणी काढू नये, शि. द. फडणीस जेजेतच शिकले. पण रेषेबरोबर इतिहास, राजकारण, भाषा, माणसं यांची समज लागते. ती देणारी साधी, कमी खर्चाची पदवी आणि सोबत रोजचं रेखाटन ही जोडी मला लाखांच्या डिप्लोमापेक्षा कितीतरी भक्कम वाटते.

पैशांबद्दल खोटा दिलासा देणार नाही. मराठी वर्तमानपत्रांत चित्रपट्टीकाराची पूर्णवेळ जागा जवळपास नाही. मिळकत तुकड्यांनी येते. मासिकं, दिवाळी अंक, पुस्तकांतली चित्रं, कंपन्यांचे अंतर्गत अंक, जाहिरातपटांचे स्टोरीबोर्ड. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत फडणीसांनी काढलेली चित्रं दोन पिढ्यांच्या डोक्यात बसली आहेत; अशी कामं आजही असतात, पण शोधावी लागतात. आणि गंमत म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या धंद्यातही स्टोरीबोर्ड करणाऱ्याला, म्हणजे चौकटींत गोष्ट सांगता येणाऱ्याला, रोटोस्कोपिंगच्या खुर्चीपेक्षा वरची खुर्ची मिळते. पट्टी जमली तर तो दरवाजा बंद होत नाही. हे सगळं जमेपर्यंत दुसरी एखादी नोकरी करावी लागेल. त्यात कमीपणा नाही. शुल्झनीही केली.

हक्कांची माहिती मात्र पहिल्या कामाआधीच हवी. 'पीनट्स' हे नाव शुल्झना कधीच आवडलं नाही. ते वितरण करणाऱ्या सिंडिकेटनं दिलं होतं आणि पट्टीची मालकीही तिच्याकडे होती. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा चित्रकाराच्या बाजूने बराच उभा आहे. तुम्ही वर्तमानपत्राच्या नोकरीत असाल आणि वेगळा करार नसेल, तर चित्र वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी हक्क तुमचे. म्हणजे पुस्तक, खेळणी, चित्रपट तुमचे. बाहेरून काम देत असाल तर लेखी लिहून दिल्याशिवाय हक्क जात नाही, आणि लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना "तुझं नाव छापून येतंय ना" असं म्हणून कोऱ्या कागदावर सही मागणारे भेटतात. त्या कागदाकडे पालकांनी लक्ष द्यावं. तुमची खरी गरज तिथे आहे.

आणि मुलामध्ये हे आहे की नाही ते कसं ओळखायचं? एक महिना रोज एक पट्टी काढायला सांगा. तीन चौकटी, पेपरात छापली जाते तेवढ्याच लहान आकारात, अक्षरं हातानं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे फुग्यात ओळी कमी बसतात आणि वाक्य छाटावंच लागतं. ते छाटताना मुलाला काय सोडवतं, काय सोडवत नाही, यावरून त्याचा कान कळतो. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, दुसऱ्यात विषय संपतात. तिसऱ्या आठवड्यात जे मूल बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर विषय शोधू लागतं, ते या कामाचं आहे. जे थांबतं त्याला ओरडू नका. त्याचा कल दुसरीकडे आहे एवढंच कळलं, आणि तेही फुकटात.

निकालांचा मोसम आणि दिवाळी अंकांसाठी साहित्य जमवण्याचा मोसम जवळजवळ एकच. त्या पट्ट्यांतल्या बऱ्या दहा निवडा आणि दोन-तीन संपादकांना पाठवू द्या. पत्र मुलानंच लिहावं, तुम्ही नाही. साभार परत आल्या तर महिनाभर आणखी काढू द्या आणि पुन्हा पाठवू द्या. अ‍ॅनिमेशनची फी त्यानंतर भरा, आणि तीही मुलानं स्वतः मागितली तरच.