मोबाईलचें कुलूप

गतवर्षीं उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती, तेव्हां आपल्या एका विद्यार्थ्याच्या मातोश्री मजकडे आल्या व पिशवींतून एक सुरेख मोबाईल काढून त्यांनीं मेजावर ठेविला. त्यांचे बंधु अमेरिकेंत नोकरीस असतात. त्यांनीं आपला वापरलेला फोन भाच्याच्या अभ्यासाकरितां धाडिला होता. "सर, यांत आमचें सिम घातलें कीं हें सिम चालणार नाहीं असें इंग्रजींत येतें. तेंच सिम माझ्या जुन्या फोनांत उत्तम चालतें. मग दोष कशांत आहे?" असा त्यांचा प्रश्न होता. दोष सिमांत नव्हता, आणि फोनांतही नव्हता. फोनास कुलूप होतें व त्याची किल्ली अमेरिकेंतील कंपनीपाशीं होती. बाई मजकडे येण्यापूर्वीं दुसरीकडे जाऊन आल्या होत्या. ती हकीकत पुढें सांगेन. प्रथम हें कुलूप म्हणजे काय, तें पाहूं.

नखाएवढ्या सिम कार्डांत एक क्रमांक कोरलेला असतो. आपण मित्रास देतों तो हा क्रमांक नव्हे. हा बहुधा पंधरा आंकड्यांचा असतो आणि तो फक्त यंत्रें एकमेकांस सांगतात. त्यांतील पहिले तीन आंकडे देशाचे. हिंदुस्थानचे ४०४ व ४०५, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे ३१० पासून ३१६ पर्यंत. पुढील दोन किंवा तीन आंकडे कंपनीचे, व उरलेले ग्राहकाचे. सामान्य फोन हा क्रमांक वाचतो आणि ज्या कंपनीचा असेल तिच्याशीं संधान बांधतो. कुलूपबंद फोनांत मात्र कोणते आंकडे चालतील याची नोंद आधींच करून ठेविलेली असते. सिमचे आरंभीचे आंकडे त्या नोंदीशीं जुळले नाहींत, कीं फोन हटून बसतो.

शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत यार्देनेच्या उतारांची गोष्ट आहे, ती तुम्हांस आठवत असेल. गिलादी लोकांनीं नदीचे उतार रोखून धरले, आणि पार जाऊं इच्छिणाऱ्या प्रत्येकास 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास लाविला. एफ्राइमी मनुष्याच्या जिभेस 'श' साधत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे आणि तेथेंच सांपडे. फोनही सिमला असाच एक शब्द उच्चारावयास सांगतो. सिम खरें आहे कीं खोटें, त्याचे पैसे भरले आहेत कीं नाहींत, हें तो मुळींच पाहत नाहीं.

कंपन्या असें कुलूप कां घालतात? अमेरिकेंत पुष्कळ लोक फोन रोखीनें घेत नाहींत. कंपनी तो अल्प किंमतींत अथवा हप्त्यांनीं देते, आणि ग्राहक ठराविक काळ तिच्याच पदरीं राहील या भरंवशावर आपली रक्कम हळूहळू वसूल करते. फोन घेऊन तो दुसऱ्याच महिन्यांत प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तर कंपनी बुडाली. म्हणून हें कुलूप एका परीनें कर्जाचें गहाण आहे, आणि त्यांत मला अन्याय दिसत नाहीं. अन्याय होतो तो कर्ज फिटल्यावर. सावकारानें पैसे मोजून घ्यावे आणि गहाणखत तसेंच पेटींत ठेवावें, तशांतला तो प्रकार. पुष्कळ ठिकाणीं हप्ते संपले तरी कुलूप आपोआप निघत नाहीं. मालकानें मागणी करावी लागते, आणि अशी मागणी करावयाची असते हेंच कित्येकांस ठाऊक नसतें.

यावरून तिकडे मोठा वाद माजला होता. २००७ च्या जून महिन्यांत अॅपल कंपनीचा पहिला आयफोन निघाला, तो केवळ ए.टी. अँड टी. या एकाच कंपनीच्या जाळ्यावर चाले. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत न्यू जर्सींतील जॉर्ज हॉट्झ नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलानें फोन उघडून, आंत डाग देऊन व आज्ञावली बदलून तें कुलूप काढिलें. त्या फोनाच्या मोबदल्यांत त्यास एक मोटार व तीन नवे आयफोन मिळाले! (आमच्या दहावीच्या वर्गानें यावरून भलता निष्कर्ष काढूं नये.)

कायद्याची कथा याहून चमत्कारिक आहे. कुलूप म्हणजे एक आज्ञावली, आज्ञावली म्हणजे लेखन, आणि लेखनास ग्रंथकर्त्याच्या हक्काचें संरक्षण. म्हणून १९९८ च्या अमेरिकन कायद्यान्वयें फोनचें कुलूप काढण्यास मुभा द्यावी कीं नाहीं, हें ठरविणें काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या प्रमुखाकडे आलें! २००६ मध्यें ती मुभा मिळाली. २०१२ मध्यें नव्या फोनांपुरती ती काढून घेण्यांत आली, आणि २६ जानेवारी २०१३ पासून कंपनीच्या अनुमतीवांचून नवा फोन मोकळा करणें बेकायदेशीर ठरलें. तेव्हां एक लाख चौदा हजारांवर लोकांनीं सरकारकडे अर्ज केला, आणि अखेर १ ऑगस्ट २०१४ रोजीं अध्यक्ष ओबामा यांनीं ती मुभा परत देणाऱ्या कायद्यावर सही केली. कानडानें १ डिसेंबर २०१७ पासून, आणि इंग्लंडनें १७ डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकणेंच बंद केलें.

आपल्याकडे फोन बहुधा पूर्ण किंमतीस विकला जातो, यास्तव हें कुलूप फारसें पाहण्यांत येत नाहीं. तरी २००८ मध्यें आलेले आयफोन कंपनीशीं बांधलेले होते, आणि २०१७ मध्यें निघालेला जिओफोन जिओच्याच सिमवर चाले. २० जानेवारी २०११ पासून आपला क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली; परंतु क्रमांक मोकळा झाला म्हणून यंत्र मोकळें झालें, असें नव्हे.

आतां बाईंची हकीकत. त्या प्रथम बाजारांतील एका दुरुस्तीवाल्याकडे गेल्या होत्या. त्यानें दीड हजार रुपये घेतले. या जातीच्या फोनास एक संकेतांक द्यावा लागतो. तो प्रत्येक यंत्राचा निराळा असतो व कंपनीच्या दप्तरीं असतो. दुरुस्तीवाल्यानें कोठून तरी मिळविलेले आंकडे एकामागून एक टाकून पाहिले. परंतु अशा प्रयत्नांस मर्यादा असते. ती संपली आणि फोनानें संकेतांक विचारणेंच सोडून दिलें. मीं बाईंच्या बंधूंस पत्र लिहिलें. त्यांचे सर्व हप्ते केव्हांच फिटले होते! त्यांनीं कंपनीकडे मागणी केली, आणि दोन दिवसांत खरा संकेतांक आला, तोही विनामूल्य.

आयफोनाची रीत वेगळी आहे. त्यांत कंपनी आपल्या दप्तरीं नोंद बदलते, आणि फोन इंटरनेटवरून ती जाणून घेतो. संकेतांकाचें कामच नाहीं. सेटिंग्ज, जनरल, अबाउट येथें जाऊन 'कॅरियर लॉक' यापुढें 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असें दिसलें, कीं फोन मोकळा आहे असें समजावें.

पालकांस एवढें सांगणें आहे, कीं परदेशांतील नातलगांकडून फोन घ्यावयाचा असेल, तर तो तिकडून निघण्यापूर्वींच त्यांनीं आपल्या कंपनीकडून मोकळा करून घ्यावा. खातें त्यांच्या नांवें असल्यामुळें मागणी त्यांनाच करतां येते. कुलूप निघालें तरी आपल्याकडील लहरी तो फोन धरतो कीं नाहीं, हेंही पाहावें. २०२२ पासून अमेरिकेंत विकल्या गेलेल्या कित्येक आयफोनांत सिमची खांचच नाहीं, तेथें ई-सिम घ्यावें लागतें. चोरीस गेला म्हणून काळ्या यादींत घातलेला फोन कुलूप काढल्यानें सुरू होत नाहीं. *#०६# दाबल्यावर दिसणारा पंधरा आंकडी क्रमांक बदलून देतों, असें कोणी म्हणाल्यास तेथून निघून यावें. २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणें त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात.

तो फोन अद्याप त्या घरीं आहे. शेजारच्यांच्या वायफायवर मुलगा त्यांत गणिताचे पाठ पाहतो, आणि बाई आपल्या जुन्या बटणांच्या फोनावरून बोलतात. मामांनीं पाठविलेला संकेतांक त्यानें आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर सुवाच्य अक्षरांत लिहून ठेविला आहे.