खाडीपलीकडचे नगर

मुंबई शहराचा आकार मोठा चमत्कारिक आहे. समुद्रात उतरलेल्या एका लांबट, अरुंद पट्टीवर ते वसलेले आहे. पूर्वी बहुतेक कचेऱ्या व पेढ्या पट्टीच्या दक्षिण टोकास असत आणि लोकांची घरे दूर उत्तरेस. त्यामुळे सकाळी माणसांचा लोंढा दक्षिणेकडे धावे आणि सायंकाळी तोच उत्तरेकडे परते. अशा शहरात आणखी माणसे कोठे सामावून घ्यावयाची? या प्रश्नाचे निराळे उत्तर सुचविणाऱ्या तिघांपैकी एक होते स्थापत्य अभियंते शिरीष पटेल.

पटेल यांचा जन्म १९३२ सालचा. केंब्रिज विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. आफ्रिकेतील झांबेझी नदीवरील करिबा धरणावर व आपल्याकडील कोयना धरणावर त्यांनी काम केले. १९६० मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची सल्लागार संस्था काढली. इमारतीचा भार कोणत्या खांबाने पेलावा, तुळईची जाडी किती ठेवावी, याची आकडेमोड करणे हा अशा संस्थेचा व्यवसाय. देशातील पहिला म्हणून ओळखला जाणारा केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल १९६५ मध्ये त्यांच्याच आराखड्यानुसार उभा राहिला.

त्याच वर्षी चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता या वास्तुशिल्पकारांसह त्यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात आपली कल्पना मांडली. शहर उत्तरेस लांबवीत न नेता बंदराच्या पलीकडे, पूर्व किनाऱ्यावर नवे नगर वसवावे, असे त्यांचे म्हणणे होते. शासनाने ते मानले. १७ मार्च १९७० रोजी ‘सिडको’ महामंडळ स्थापन झाले आणि प्रारंभीची वर्षे नियोजनाची व बांधकामाची धुरा पटेल यांच्याकडे होती. ठाणे जिल्ह्यातील आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पनवेल व उरण या तालुक्यांतील मिळून ९५ गावे या क्षेत्रात आली.

या भूमीचा बराच भाग इतका सखल, की उधाणाच्या भरतीचे पाणी त्याहून उंच चढावे. येथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खाडीस बांध घालून भात पिकवीत. बांधात ‘उघाडी’ असे. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिचे झापड मिटे. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ते उघडे. नव्या नगरासाठी सारी जमीन मातीने उंच करावयाची, तर खर्च अवाढव्य. म्हणून कळंबोलीसारख्या सखल भागात हॉलंडच्या धर्तीवर बांध व मोठी तळी करण्यात आली. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, की खाडीकडील झडपा मिटलेल्या असतात. तोवर रस्त्यांवरचे पाणी तळ्यांत साठते आणि ओहोटीस खाडीत निघून जाते. उघाडी पाहिलेल्या शेतकऱ्यास यात नवल वाटण्याजोगे फारसे नव्हते!

पण त्याच शेतकऱ्याची जमीन घेऊन हे नगर उभे राहावयाचे होते. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. हाती आलेला मोबदला लोकांना तुटपुंजा वाटला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढा उभारला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्यानंतर आली. नकाशावर रेघ ओढणे सोपे असते. त्या रेघेखाली कोणाचे शेत आहे, हे मात्र तेथे दिसत नाही.

आणखीही एक गोष्ट मनासारखी घडली नाही. राज्यकारभाराची मुख्य कचेरी नव्या नगरात जावी, असा मूळ विचार होता. मंत्रालय मात्र दक्षिण मुंबईतच राहिले आणि नरिमन पॉइंटला समुद्र हटवून नव्या कचेऱ्या उठल्या. मुंबईचा भार हलका करण्याचा हेतू त्यामुळे अर्धाच साधला, असे म्हणावे लागते.

पटेल पुढे आपल्या व्यवसायाकडे परतले. कोरिया यांच्या ‘कांचनजंगा’ या उंच इमारतीची संरचना त्यांनीच केली. घरासाठी कर्ज देणाऱ्या ‘एचडीएफसी’ या संस्थेच्या संस्थापक संचालकांत ते होते. शहरांत सामान्य माणसास जागा कशी मिळेल, यावर ते उतारवयातही लिहीत असत. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावा-शेव्याकडे नेणारा २१.८ किलोमीटर लांबीचा पूल वाहतुकीसाठी सिद्ध झाला. त्याच वर्षी पटेल यांचे निधन झाले.