खंजिरीची झांज नीट ऐकू येते का?

अकोला

चि. बाळास,


ताईने फोनवर सांगितलं, की शिकवणीतून साठवलेले पैसे तू एका महागड्या हेडफोनवर घालायला निघाली आहेस. गाणं शिकणाऱ्या मुलीला चांगलं ऐकायची ओढ लागली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण पैसे देण्याआधी हे पत्र वाच. मंडपात माईक आणि स्पीकरच्या पेट्या लावण्यात माझी हयात गेली. आवाज बिघडला की लोक पेटीकडे बोट दाखवतात, आणि दोष बहुतेक वेळा पेटीच्या बराच अलीकडे सापडतो: माईकजवळ, नाही तर एखाद्या वायरीच्या जोडात. फोनवर ऐकतानाही हेडफोन हे शेवटचं टोक आहे. तिथून सुरुवात करू नकोस.

तपासायला यंत्र नको, आपल्या वऱ्हाडातले आवाज पुरेत. तुझ्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या गाडगेबाबांचं कीर्तन कधी ऐकलंस का? नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, आणि पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ बाबा गेले. तो आवाज आपल्याला अजून ऐकता येतो, हे आपलं मोठं भाग्य. तो त्या काळातला म्हणजे मोनो आहे, दोन्ही कानांना एकच. तेव्हा इअरफोन घातल्यावर बाबा डोक्याच्या मधोमध बोलताहेत असं वाटायला हवं. ते एका बाजूला सरकले, तर डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालून बघ. आवाजाचा कल दुसऱ्या बाजूला गेला, तर खोट फोनमध्ये किंवा इअरफोनमध्ये आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेसिबिलिटी’त डाव्या-उजव्या आवाजाची एक पट्टी असते, ती चुकून सरकलेली असू शकते, ती मधोमध असेल तर इअरफोनच्या जाळीवर बहुधा मळ बसला आहे. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाड, पाणी लावू नकोस. अदलाबदल करूनही कल त्याच कानाकडे राहिला, तर दुसऱ्या कानातली रबरी टोपी नीट बसलेली नाही, किंवा त्या दुसऱ्या कानातच मळ आहे. तो डॉक्टरांकडून काढून घे, काडी घालू नकोस.

या रबरी टोप्यांकडे कुणी लक्ष देत नाही, आणि मला विचारशील तर निम्मं काम त्याच करतात. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या येतात आणि लोक लावून आलेल्या मधल्या जोडीवरच जन्म काढतात. टोपी आणि कान यांत फट राहिली की सगळ्यात आधी खर्ज जातो. डग्ग्याची घुमक पातळ होते, आणि मग पोरं ‘बास बूस्ट’ चढवतात. तसं करू नकोस. आधीच पूर्ण पातळीवर असलेल्या गाण्यात खर्ज आणखी वाढवला की आवाज फाटतो. आधी टोप्या बदल. दोन कानांना दोन वेगळे आकार लागले तरी त्यात काही वावगं नाही. बरोबर बसल्या की खोलीतला पंखा एकदम दूर गेल्यासारखा वाटेल आणि डग्गा आपोआप भरेल. इक्वलायझर लावायचाच, तर जे टोचतं ते थोडं कमी कर. आणि फोनचा इक्वलायझर चालू असताना अॅपमधला बंद ठेव.

मागे तू म्हणाली होतीस, की मध्येच गाणारीचा आवाज नाहीसा होतो आणि नुसती वाद्यं उरतात. हे तुझ्या इअरफोनच्या गोल पिनेमुळे होतं. पिनेवर एक कडी दोन्ही कानांसाठी सामाईक असते. तिचा जोड सुटला की कानांना फक्त डाव्या आणि उजव्या आवाजातला फरक मिळतो. गायिका दोन्हीकडे सारखीच मुद्रित केलेली असते, म्हणून ती वजा होते. कडेची वाद्यं तेवढी शिल्लक राहतात. पिन पूर्ण आत जात नसेल, तर भोकात खिशातल्या सुताचा बोळा दडपलेला असणार. कापसाच्या या मुलखात मी तो कितीतरी फोनांतून काढला आहे. फोन बंद कर, लाकडी काडीने अलगद काढ. सुई नको आणि तोंडाने फुंकर तर मुळीच नको, थुंकीचा ओलावा आत जातो. उद्या गोल भोक नसलेला फोन घेतलास, तर टाईप-सी जोडणी लागेल. स्वस्तातल्या काही जोडण्यांमध्ये आकड्यांचा आवाज करणारी चिप नसते, त्या सगळ्या फोनांना चालत नाहीत. अमरावतीत राजकमल चौकात घ्यायला जाशील तेव्हा फोनला लावून, ऐकून मगच पैसे दे.

आता खंजिरी. तुकडोजी महाराजांनी ती हातात घेऊन गावोगाव भजनं केली, आणि गुरुकुंज मोझरीपासून वऱ्हाडातल्या लहान खेड्यांपर्यंत भजनी मंडळांत ती आजही वाजते. तिच्या चकत्यांचा आवाज बारीक, तीक्ष्ण आणि क्षणात संपणारा. फाईल फार दाबली की पहिला घाव त्यावरच पडतो: छन् असा सुटा ठोका यायच्या जागी नुसती सळसळ येते. महाराजांची जुनी मुद्रणं यासाठी घेऊ नकोस, त्यांत वरचे स्वर मुळातच कमी आहेत. एखाद्या मंडळाचं अलीकडचं स्वच्छ मुद्रण घे आणि तेच भजन अॅपच्या खालच्या आणि वरच्या दर्जावर ऐक. स्पॉटिफायवर ‘लो’ म्हणजे सेकंदाला २४ किलोबिट आणि ‘व्हेरी हाय’ म्हणजे ३२०; हा वरचा दर्जा पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. सीडीवर १४११ असतात. २४ आणि ३२० मधला फरक तुला लगेच कळेल. ३२० आणि सीडी यांतला ओळखायला मात्र फार शांत खोली आणि फार सरावलेला कान लागतो. त्यासाठी जीव टाकू नकोस. दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर ठेवू नकोस. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे निघालीस की नेटवर्क जिथे पातळ होतं, तिथे अॅप गुपचूप दर्जा उतरवतं. वसतिगृहाच्या वायफायवर गाणी डाउनलोड करून ठेव, आणि डाउनलोडचा दर्जा वेगळा ठरवावा लागतो हे विसरू नकोस. कुणी कापून, जोडून, पुन्हा चढवलेल्या प्रती तर टाळच. प्रत्येक वेळी आवाज आणखी दाबला जातो, आणि गेलेलं काही परत येत नाही. दाबलेल्या एमपीथ्रीचं फ्लॅक केलं तर फक्त फाईल फुगते.

ब्लूटूथमध्येही आवाज पुन्हा एकदा दाबूनच पाठवला जातो. कुठल्या पद्धतीने, हे फोन आणि हेडफोन मिळून ठरवतात: एसबीसी, एएसी, अॅप्टएक्स, एलडॅक. एलडॅकची मजल ९९० किलोबिटपर्यंत जाते, पण गर्दीत ती टिकत नाही. तेव्हा ६६० वर ठेवलेली बरी. तुझ्या कामाच्या दोन गोष्टी सांगतो. ब्लूटूथ हेडफोनचा माईक चालू झाला, की सगळा आवाज कॉलच्या दर्जावर उतरतो. ऑनलाईन तालमीत गुरुजींचा तानपुरा कोंदट का लागतो, त्याचं कारण बहुधा हेच. आणि ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. फोनवर ठेका लावून त्याच फोनमध्ये स्वतःचं गाणं मुद्रित केलंस, तर समेवर नीट येऊनही मुद्रणात तू मागे पडलेली दिसशील आणि उगाच स्वतःला दोष देशील. रियाजाला तारेचाच इअरफोन वापर.

सुरेश भटांच्या ज्या रचना लताबाईंनी आणि आशाताईंनी हृदयनाथांच्या चालींवर गायल्या, त्या तू रोज ऐकतेस हे मला ठाऊक आहे. भट तुझ्या अमरावतीतच जन्मले, १९३२ साली. ती गाणी टेपवर मुद्रित झाली, म्हणून मागे एक बारीक सरसर असते. ती घालवायला वरचे स्वर कापू नकोस. स, श, च यांची धार तिथेच असते, आणि भटांच्या शब्दांची धार गेली तर ऐकायचं काय?

आता मला सर्वात काळजी वाटते ती गोष्ट. आमच्या धंद्यातल्या कितीतरी माणसांचे कान आज रात्रंदिवस वाजतात. गेलेलं ऐकणं कुठल्याही हेडफोनने परत येत नाही, आणि तुला तर त्या कानांवरच जगायचं आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल असं सांगते. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० ला म्हणजे आठवड्याला फक्त ४ तास. एसटीच्या घरघरीवर मात करायला आवाज चढवू नकोस. टोप्या नीट बसव, बाहेरचा आवाज अडव, म्हणजे कमी पातळीत सगळं ऐकू येईल.

आणि दुकानात दोन हेडफोन तोलताना दोन्हींची पातळी सारखी करून ऐक. जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. ज्यावर २५० किंवा ३०० ओहम लिहिलं आहे, तो तुझ्या फोनला झेपणार नाही. १६ ते ३२ बघ.

एवढं करून महिनाभर ऐक आणि काय कमी पडतं ते मला लिही. मग आपण दोघं मिळून हेडफोन निवडू, कमी पडले तर पैसे मी घालीन.

तुझा,
मामा