बी न उगवण्याचा संभव

नागपूरच्या मिहान प्रकल्पालगतच्या गावांत सोयाबीन पेरणाऱ्याने बी किती उगवणार नाही, हे आधी जाणावे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत. आठवड्याने सत्तरांना सशक्त मोड आल्यास उगवण्याचा संभव ०.७० होय. उगवणे व न उगवणे मिळून संभव नेहमी १ भरतो; म्हणून न उगवण्याचा संभव १ − ०.७० = ०.३०.

टोकणीत एका ठिकाणी दोन दाणे टाकल्यास दोन्ही वाया जाण्याचा संभव ०.३० × ०.३० = ०.०९. शंभरांत तीसऐवजी सुमारे नऊच जागा रिकाम्या राहतील. मात्र जमिनीत ओल अपुरी असल्यास नांग्या वाढतात. मोड सत्तरांहून कमी आल्यास बियाणे बदलावे अथवा प्रमाण वाढवावे. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी ही चाचणी पेरणीपूर्वीच गावात करून दाखवावी. दुबार पेरणीचा खर्च वाचेल.